निविदा जमते, करार सांभाळायचं काय? आरोग्य खात्यातल्या खरेदीचं कौशल्य

भांडारकोपरा

आरोग्य खात्याच्या खरेदी कक्षात बदलून येणाऱ्या अधिकारी-लिपिकांसाठी प्रशिक्षण आखायचं काम सध्या माझ्याकडे आहे. जुन्या प्रशिक्षणांची टिपणं चाळली. सगळा भर एकाच ठिकाणी आहे: सूचना कशी द्यायची, लिफाफे कधी उघडायचे, तुलनात्मक तक्ता कसा करायचा, मंजुरी कोणाची घ्यायची. पुरवठा आदेश निघाला की टिपणं संपतात.

रुग्णालयांच्या तक्रारी मात्र बहुतेक आदेश निघाल्यानंतरच्या असतात. माल आला, पण निम्माच. यंत्र आलं, पण बसवलं नाही. बसवलं, पण बिघडल्यावर कोणी फिरकत नाही. औषध आलं, पण मुदत संपायला आली तेव्हा.

उरलेल्या तक्रारींचं मूळ निविदेच्याही आधीचं, म्हणजे मागणीचा आकडा आणि स्पेसिफिकेशन (वस्तू नेमकी कशी हवी त्याचं लेखी वर्णन). या दोन्हींवर आमच्या टिपणांत एकेक पान आहे, तेही कुठून तरी उचललेलं.

माझं मत असं की नियम पाठ असलेली माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. खरेदी येणारी कमी आहेत आणि करार चालवता येणारी त्याहून कमी. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहा, काय शिकवायला हवं आणि कसं. संगणक प्रणाली आणली की सगळं सुटेल, हे उत्तर नको. ते ऐकून झालंय.

तटस्थ

धागा चांगला आहे, पण मुळात शंका आहे. हा कौशल्याचा प्रश्न आहे की दानतीचा? ज्याला खायचं आहे त्याला तुम्ही स्पेसिफिकेशन लिहायला शिकवलंत, तर तो आणखी सफाईने खाईल.

इंग्लंडमध्ये कोविडच्या वेळी पीपीई किटसाठी ओळखीपाळखीच्या पुरवठादारांना वेगळी रांग काढून दिली होती. ती रांग बेकायदेशीर होती असं तिथल्या उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये सांगितलं. तिथे प्रशिक्षित माणसं नव्हती का?

आक्षेपक

तटस्थ, माझं आयुष्य लेखापरीक्षणात गेलं, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो. भ्रष्टाचार आहेच, नाकारत नाही. पण आम्ही काढलेल्या आक्षेपांतले बरेचसे साध्या ढिलाईचे असतात. बँक हमीची (पुरवठादाराने करार मोडला तर बँक पैसे देईल, या लेखी हमीची) मुदत उलटून गेली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुरवठादाराला मुदतवाढ दिली, पण पत्रात 'विलंब आकारणीचा हक्क राखून' हे शब्दच नाहीत, मग दंड कापायला गेलं की तो तेच पत्र पुढे करतो. गरज एकच, पण वर्षभरात तुकडे पाडून खरेदी, कारण वार्षिक मागणी कोणी गोळाच केली नाही. यात खाल्लं कोणी? बहुतेक वेळा कोणीच नाही. पैसे मात्र गेले.

शिवाय कौशल्य नसलं की ज्याला खायचं आहे त्याचं काम सोपं होतं. खरेदी अधिकाऱ्याला बाजार माहीत नसला तर स्पेसिफिकेशन पुरवठादारच 'मसुदा' म्हणून आणून देतो. त्यात एखादं मोजमाप असं पेरलेलं असतं की दुसरं कोणी बसूच नये.

भांडारकोपरा

हेच म्हणायचं होतं. इंग्लंडच्या उदाहरणातून मी उलटा धडा घेईन. घाईत नेहमीच्या पायऱ्या गाळल्या जाणारच असतील, तर कुठल्या गाळायच्या आणि कुठल्या काही झालं तरी नाही, हे आधी ठरलेलं हवं. आणीबाणीतली खरेदी हा प्रशिक्षणातला स्वतंत्र तास होऊ शकतो.

बायोमेडवाली

स्पेसिफिकेशनवर लिहिते, कारण त्याची फळं आम्ही, रुग्णालयातली यंत्रं सांभाळणारे, भोगतो.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, घ्या. मागणीपत्रात असतं: '10 लिटर क्षमतेचा, उत्तम दर्जाचा'. उत्तम दर्जा मोजणार कशाने? प्रश्न असा विचारायचा की मिनिटाला पूर्ण 10 लिटर प्रवाह सोडल्यावर ऑक्सिजनचं प्रमाण किती राहतं? बऱ्याच हलक्या यंत्रांत प्रवाह वाढवला की प्रमाण घसरतं. दोन लिटरवर 93 टक्के दाखवणारं यंत्र पूर्ण प्रवाहाला खूपच खाली येऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तांत्रिक अपेक्षेत किमान 82 टक्के हा उंबरठा आहे, प्रमाण त्याखाली गेलं की यंत्राने इशारा द्यायला हवा. म्हणजे निविदेत लिहायचं: नमूद केलेल्या कमाल प्रवाहाला इतकं प्रमाण, इतका वेळ सलग चालवून, आमच्या ऑक्सिजन ॲनलायझरवर मोजून. मग स्वीकृती चाचणीत तेच करायचं.

पुढचं कोणी लिहीतच नाही. विजेचा दाब कमीजास्त होणार असेल तर स्टॅबिलायझर कोणाचा? फिल्टर किती आणि किती वर्षांचे? सिव्ह बेड, म्हणजे आतला झिओलाइटचा भाग, दमट हवेत लवकर खराब होतो. तो वॉरंटीत धरलाय की 'उपभोग्य वस्तू' म्हणून बाहेर ठेवलाय? या एका ओळीवरून पुढची पाच वर्षं भांडणं चालतात.

माझी सूचना: स्पेसिफिकेशनच्या प्रत्येक ओळीपुढे एक रकाना ठेवायचा, 'हे कसं तपासणार?' ज्या ओळीपुढे तो रिकामा राहील ती ओळ खोडायची.

वैद्यबुवा

+१. तो रकाना आवडला. पण बायोमेडताई, आम्हा डॉक्टरांनाही दोन शब्द सुनवा. विभागप्रमुख शिकत असताना ज्या कंपनीचं मशीन वापरलं तेच मागतात, मग मागणीपत्रात त्याच माहितीपत्रकातली वैशिष्ट्यं उतरतात. औषधांत आम्ही एवढं तरी शिकलोय की मूळ (जेनेरिक) नावाने मागायचं, ब्रँडने नाही. डब्ल्यूएचओने औषध खरेदीची जी तत्त्वं 1999 मध्ये मांडली त्यात हे स्पष्ट आहे. उपकरणांत ती शिस्त अजून आली नाही.

नवखी

मी खरेदी कक्षात नवीन आहे, वाचतेय. एक प्रश्न. मागणीचा आकडा कसा काढायचा? आमच्याकडे मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवतात.

भांडारकोपरा

नवखी, सगळीकडे तेच करतात. :) त्यातली गोम अशी की मागच्या वर्षी औषध जितकं होतं तितकंच खपलं. नव्हतं तेव्हा शून्य. समजा एका गोळीचा सहा महिन्यांचा खप 9,000 आहे. सरळ भागलं तर महिन्याला 1,500. पण त्यातले दोन महिने साठाच नव्हता. म्हणजे हा खप चार महिन्यांचा आणि खरी गरज महिन्याला 2,250. तुम्ही 1,500 धरून दहा टक्के वाढवलेत तर 1,650 होतात. तुटवडा निविदेतच मंजूर करून घेतलात.

यासाठी साठा नोंदवहीत 'शिल्लक शून्य' झालेल्या तारखा लागतात. त्या नोंदवायला भांडारपाल कचरतो, कारण शून्य लिहिलं की खुलासा मागतात. मग शिल्लक चार-दोन दाखवत राहतात. म्हणजे शून्य लिहिणाऱ्याला धाक नको, हे वरिष्ठांना शिकवायला लागेल.

आकडा काढताना पुरवठ्याचा अवधीही धरायचा. आदेश ते भांडार हा काळ करारात लिहिलेला धरायचा नाही, मागच्या आदेशांवर प्रत्यक्षात लागलेला धरायचा.

आणि सगळ्या वस्तूंना सारखा वेळ देऊ नका. एबीसी (खर्चाच्या वाट्यानुसार) आणि व्हीईडी (जीवनावश्यक, आवश्यक, असलं तर बरं) अशा दोन्ही वर्गवाऱ्या एकत्र मांडा. साधारणपणे थोड्याच वस्तूंवर बहुतांश पैसा जातो. दुसरीकडे एखादं इंजेक्शन अगदी स्वस्त असतं, पण नसेल तर माणूस जातो. या दोन गटांवर लक्ष हवं, बाकीचं लिपिक सांभाळतो.

पुरवठादार_निवृत्त

दुसऱ्या बाजूने बोलतो, रागावू नका.

आम्ही दर भरायचो तेव्हा मालाच्या किमतीवर खात्याची ख्याती चढवायचो. हे कार्यालय पैसे कधी देतं, पोच कोण देतो, बिलात त्रुटी काढून किती महिने बसवतं, हे बाजारात सगळ्यांना पाठ असतं. उशिरा पैसे देणाऱ्याला दर जास्त, किंवा चांगला पुरवठादार निविदाच भरत नाही. मग उरतात ते तसलेच. मग तुम्ही म्हणता, बाजारच खराब आहे.

दुसरं, 'अंदाजे संख्या' या नावाखाली मोठा आकडा दाखवायचा आणि दरकरार (ठरलेल्या दराने लागेल तसा माल घ्यायचा करार) झाल्यावर पाव मालही उचलायचा नाही. किंवा करार आमच्याशी असताना स्थानिक खरेदी दुसऱ्याकडून. पुढच्या वेळी आम्ही तुमच्या आकड्यावर विश्वास कसा ठेवणार? करार दोघांनी पाळायचा असतो. तुमच्या प्रशिक्षणात हे येतं का?

आक्षेपक

येत नाही. यायला हवं. वैद्यबुवांनी ज्या तत्त्वांचा उल्लेख केला त्यातच आहे की करार असलेली वस्तू करार असलेल्याकडूनच घ्यावी.

पण पुरवठादारसाहेब, दर पाडून काम घ्यायचं आणि नंतर 'कच्चा माल महागला' म्हणून हात वर करायचे, हेही बाजारात पाठ आहे. :)

पुरवठादार_निवृत्त

आहे ना. म्हणून तर सांगतो, अवास्तव कमी दर आला की आनंदाने एल-वन (सर्वांत कमी दराचा) म्हणून सही करू नका. लेखी विचारा, या दरात कसं बसवणार? फोड मागा. निविदेत तशी तरतूद आधीच ठेवा. ज्याचं गणित खरं आहे तो फोड देतो. उगाच भरलेला असेल त्याचं उत्तर वाचूनच कळतं.

तटस्थ

आणि पुरवठादारांनी आपापसात वाटून घेतलं असेल तर? फोड सगळेच देतील.

आक्षेपक

त्याच्या खुणा बघायला शिकवता येतात. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने 2009 मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. हरणाऱ्यांचे दर नेहमी ठरावीक अंतराने वर, जिंकणारे पाळीपाळीने बदलतात, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कागदांत शुद्धलेखनाची चूक एकच, हरलेल्याला नंतर उपकंत्राट. एकटी फाईल वाचून हे दिसत नाही. एकाच वस्तूच्या गेल्या काही वर्षांच्या निविदा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. म्हणून जुने तुलनात्मक तक्ते जपा.

युक्रेनमध्ये 2016 पासून सरकारी खरेदी प्रोझोरो या खुल्या प्रणालीवरून सक्तीची झाली. तिथे निविदेनंतर सगळ्यांचे दर कोणालाही पाहता येतात. भांडारकोपरा, तुम्ही प्रणाली नको म्हणालात, पण पाहणारे डोळे वाढतात एवढा तरी फायदा होतो.

भांडारकोपरा

प्रणाली नको असं नाही म्हटलं, तेवढंच उत्तर नको म्हटलं. डोळे वाढले तरी काय बघायचं ते कळायला हवं.

बायोमेडवाली

आदेशानंतर काय, या मूळ प्रश्नाकडे येऊ या. आमच्याकडे एका हुशार लिपिकाने सुरू केलेली पद्धत सांगते. प्रत्येक करारासाठी एक पान, फाईलच्या सर्वांत वर. त्यावर: करार सांभाळणारा माणूस कोण (पदनाम नाही, आज त्या पदावर असलेली व्यक्ती), पुरवठ्याच्या तारखा, बँक हमी कधी संपते, वॉरंटी नेमकी कुठून सुरू होते, देखभालीच्या भेटी कधी, आणि बिघाड कळवल्यापासून किती तासांत यायचं. खाली रिकाम्या ओळी. प्रत्येक बिघाडाची वेळ, कळवल्याची वेळ, इंजिनिअर आल्याची वेळ, यंत्र सुरू झाल्याची वेळ.

वॉरंटी कुठून सुरू, हे किरकोळ वाटतं. यंत्र खोक्यात पडून राहतं कारण खोलीला वायरिंग नाही. पुरवठादार म्हणतो माल पोचल्यापासून, आपण म्हणतो बसवून चाचणी झाल्यापासून. करारात जे लिहिलंय ते खरं, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर सुरुवातीचं बरंच आयुष्य खोक्यात गेलं.

खालच्या ओळी भरलेल्या असतील तरच 95 टक्के अपटाइमच्या (यंत्र चालू राहण्याच्या वेळेच्या) कलमाला काही अर्थ. नाहीतर दंड कशावर कापणार? तोंडी फोन केला होता, हे कोणी मानत नाही.

नवखी

दंड किती असतो साधारण?

आक्षेपक

बऱ्याच करारांत उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्के अशा धर्तीवर. तुमच्या करारात काय आहे तेच धरायचं, ऐकीव नाही. आणि दंड कापणं म्हणजे करार सांभाळणं नाही. मुदतीआधीच 'माल तयार आहे का' असं लेखी विचारणारा अधिकारी शेवटी दंड कापणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचा. औषधच नाही, तर दंडाने रुग्णाचं काय भलं होणार?

वैद्यबुवा

गुणवत्तेवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. ऑक्टोबर 2022 मध्ये गॅम्बियात सापडलेल्या चार सिरपांबद्दल डब्ल्यूएचओने जगाला इशारा दिला. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल ही विषारी रसायनं होती, लहान मुलं गेली. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबून चालत नाही, आपली चाचणी हवी.

तमिळनाडूच्या औषध महामंडळाचं उदाहरण अभ्यासक्रमात ठेवाच. 1994 मध्ये स्थापना, जानेवारी 1995 पासून काम सुरू. तिथे गोदामात आलेल्या बॅचचे नमुने उत्पादकाचं नाव झाकून, सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळेकडे जातात, आणि अहवाल चांगला आल्याशिवाय माल रुग्णालयाला दिला जात नाही. रुग्णालयांना पासबुक दिलेलं असतं, त्यांच्या वाट्याच्या रकमेतून ती लागेल तसा माल उचलतात. म्हणजे काय आणि किती घ्यायचं हे वापरणारा ठरवतो, दर आणि दर्जा महामंडळ बघतं. इतर राज्यांनी नंतर हा नमुना घेतला.

तटस्थ

इमारत आणि नाव घेतलं की नमुना घेतल्यासारखं होतं, हाही एक नमुनाच.

भांडारकोपरा

:) टोला मान्य.

आता 'कसं शिकवायचं' यावर माझा एक विचार मांडतो, फाडून टाका.

आपल्या खात्यात मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत आहे. बाई कुठे उशीर झाल्यामुळे गेली, हे टप्प्याटप्प्याने शोधतात: घरातून निघायला, वाहन मिळायला की रुग्णालयात उपचार सुरू व्हायला. दोष कोणाचा हे न विचारता, नाव न घेता. आरोग्यातली माणसं हे जाणतात. तीच पद्धत फसलेल्या करारांना लावायची. एक बंद झालेली फाईल घ्यायची, नावं खोडायची आणि डॉक्टर, भांडारपाल, लेखा आणि बायोमेडिकल अशा चौघांना एका टेबलाशी बसवायचं. उशीर नेमका कुठे झाला? मागणी यायला, स्पेसिफिकेशन ठरायला, मंजुरीला, निधीला, पुरवठ्याला की बिलाला? कोणता दिवस कोणाच्या टेबलावर गेला ते फाईलच सांगते, प्रत्येक टिपणीखाली तारीख असते.

व्याख्यानांपेक्षा यातून जास्त कळेल असं वाटतं.

आक्षेपक

कल्पना चांगली, एक अट घाला. ज्या फाईलवर चौकशी किंवा वाद चालू आहे ती घेऊ नका. आणि आढाव्याचे निष्कर्ष कोणाच्या गोपनीय अहवालात जाता कामा नयेत. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी लोक गप्प बसतील.

बायोमेडवाली

फसलेल्यांसोबत एखादी व्यवस्थित गेलेली फाईलही घ्या. ती कोणाच्या लक्षात येत नाही कारण तिची तक्रार येत नाही. आणि बदल्यांचं बघा. माणूस तयार होतो आणि बदलीवर जातो. निदान करारांची ती पानं सहीनिशी सोपवल्याशिवाय कार्यमुक्त करायचं नाही, एवढं तरी.

पुरवठादार_निवृत्त

तमिळनाडूसारखी स्वतंत्र संस्था असली की माणसं खरेदीतच राहून तयार होतात. खात्यात खरेदी म्हणजे कोणाला तरी दिलेला अतिरिक्त कार्यभार. तो माणूस सही करायला घाबरतो, म्हणून आणखी एक शेरा मारतो, फाईल आणखी एका टेबलावर जाते.

तटस्थ

हे मात्र खरं. माझी दानतीची शंका कायम ठेवून सांगतो, घाबरलेला प्रामाणिक माणूस आणि बेरकी माणूस दोघांच्याही फाईली सारख्याच रखडतात. बाहेरून फरक कळत नाही.

नवखी

एक प्रत्यक्षातली अडचण विचारते. आमच्याकडे बायोकेमिस्ट्री ॲनलायझर (रक्तातली साखर वगैरे मोजणारं यंत्र) रीएजंट करारावर घ्यायचं चाललंय, रीएजंट म्हणजे चाचणीला लागणारं रसायन. यंत्र फुकट, फक्त रीएजंट विकत. दर फार कमी दिसतोय. घ्यावं का?

बायोमेडवाली

यंत्र फुकट नसतं, त्याची किंमत रीएजंटमध्ये असते. ते ठीक आहे, पण दर बाटलीला मागू नका, 'रुग्णाला दिलेल्या एका अहवालाला' किती, असा मागा. कॅलिब्रेशन (यंत्राचं माप जुळवणं), कंट्रोल (ज्ञात नमुन्यावर पडताळणी), फेरतपासणी आणि बाटलीच्या तळाशी उरणारं द्रव, यांत बरंच रीएजंट जातं. तुमच्याकडे दिवसाला चाचण्या थोड्या असतील तर हे प्रमाण आणखी वाढतं. बाटलीवर दर ठरवलात तर तो सगळा खर्च तुमचा. अहवालावर ठरवलात तर पुरवठादाराचा.

शिवाय किमान किती चाचण्यांची हमी मागताहेत ते बघा. तुमचा खरा आकडा त्याखाली असेल तर न केलेल्या चाचण्यांचेही पैसे द्याल. यंत्र बंद पडलं तर नमुने कुठे तपासणार आणि कोणाच्या खर्चाने, हेही लिहून घ्या.

नवखी

अहवालाला दर, हे आमच्या मसुद्यात नाहीच! प्री-बिड (निविदा भरण्याआधीची) बैठक व्हायची आहे अजून, शुद्धिपत्रक काढता येईल ना?

आक्षेपक

येईल. पण दर मांडायची पद्धतच बदलतेय, तेव्हा निविदा भरायची मुदतही वाढवा आणि शुद्धिपत्रक मूळ सूचना दिली होती त्या सगळ्या ठिकाणी द्या. कागद घेतलेल्या एकालाच फोन करून सांगितलंत तर माझ्यासारखा कोणी तरी पुढे आक्षेप काढेल.

भांडारकोपरा

नवखी, मसुद्यातली नावं-आकडे काढून तो मला पाठवता आला तर बघा. पहिल्या वर्गासाठी चालू निविदा नको असं वर ठरलंय, तेव्हा तुमचा करार होऊन वर्षभर चालला की वापरेन.

बायोमेडवाली

आणि करार संपल्यावर यंत्र किती दिवसांत उचलायचं तेही घाला. आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात अशी दोन उभी आहेत. आधीच्या पुरवठादाराला नको आहेत, आम्हाला निर्लेखित करता (नोंदीतून काढून मोडीत टाकता) येत नाहीत कारण ती आमची नाहीत. आणि उचलण्याआधी त्यातली रुग्णांची माहिती पुसल्याचं लेखी घ्या.